काकूंचा अबोला आणि दोन कप्प्यांचं पातेलं

पक्केकाकांचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीने केव्हाच गिळून टाकलं होतं. 'जुने कपडे नव्यासारखे रंगवून मिळतील. रंग पक्का,' अशी ती पाटी. लोकांनी तिच्यातला शेवटचा शब्द उचलला आणि मालकाला चिकटवला. तोही असा बसला की त्यांच्या बायकोला सगळी गल्ली पक्केकाकू म्हणायला लागली, आणि मुलीच्या लग्नात व्याह्यांनी "पक्के कुटुंबाशी" नातं जुळल्याबद्दल भर सभेत आनंद व्यक्त केला. कुणालाच त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. काकांना तर नाहीच.

दुकानाच्या मागच्या खोलीत मोठाले हंडे दिवसभर रटरटत असायचे आणि काका लांब दांड्याने ते ढवळत उभे असायचे. विटलेले पडदे, फिकटलेले शर्ट, डाग पडलेल्या चादरी अशी सगळी दुखणाईत मंडळी त्यात बुडायची आणि टवटवीत होऊन बाहेर यायची. काकांचे हात कोपरापर्यंत कधी माणसाच्या रंगाचे नसत. आज निळे, तर परवा हिरवे. त्यांच्याशी हात मिळवणारा माणूस आधी हसायचा आणि मग हळूच स्वतःचा तळवा बघायचा. एकदा दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची जांभळी नखं पाहून त्यांना घाईघाईने आडवं केलं होतं. पायाची नखं तपासली तेव्हा कुठे सुटका झाली.

धंद्याची शिस्त त्यांनी चुलत्याकडून घेतली होती. उकळत्यातून काढलेली वस्तू लगेच साध्या पाण्यात खंगाळायची. रंग सुटायला लागला तर मीठ आणि व्हिनेगर घालायचं. आणि काही झालं तरी हंड्यातलं तोंडाला लावायचं नाही. या शेवटच्या नियमाला कारण होतं. चुलत्याने एकदा गप्पांच्या नादात चहा समजून हिरव्या रंगाचा वाडगा ओठांना लावला होता. माणूस वाचला, पण त्यानंतर हसताना कायम तोंडावर हात धरायचा.

दुकानाचा पुढचा भाग काकूंचा. आलेल्या प्रत्येक कपड्याला त्या दोऱ्याने कापडी चिठ्ठी बांधायच्या. त्यांच्या गाठीतून आजवर एकही कपडा हरवला नव्हता. आणि एवढ्या काटेकोर बाईची स्वतःची शाल मात्र बिनचिठ्ठीची होती, हाच सगळ्या भानगडीचा उगम.

ती शाल पांढरीशुभ्र होती. काकूंच्या थोरल्या बहिणीने चष्म्याचा नंबर वाढवून घेत आख्खा हिवाळा खपून विणलेली. काकू चहा करायला आत गेल्या, जाताना शाल काउंटरवर ठेवली, आणि नेमकी ती मरून रंगात बुडायला निघालेल्या पडद्यांच्या गाठोड्यावर पडली. काकांनी गाठोडं उचललं आणि हंड्यात लोटलं. इथपर्यंत ठीक. माणसाच्या हातून होतं. पण काकांनी पुढे जे केलं ते माणसाच्या हातून होऊ नये. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते दांड्यावर ती शाल उंच धरून उभे होते. तिच्यातून लाल पाणी टपटपत होतं, काकांचा चेहरा अभिमानाने फुलला होता आणि ते म्हणाले, "बघ, काय बसलाय रंग!"

चहा काउंटरवर आदळला आणि त्या क्षणापासून अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे काकू बोलायच्या थांबल्या असं कुणी समजू नये. बोलणं चालूच होतं, फक्त काकांशी नव्हतं. "दारा, बाहेर जाणाऱ्याला सांग, किल्ली विसरलाय." "पंख्या, तुझ्याखाली बसलेल्याला म्हणावं, जेवण झाकून ठेवलंय." काकांनीही काही दिवसांनी तोच मार्ग धरला. "दारा, त्यांना सांग, किल्ली सापडत नाहीये." दार बिचारं दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यायचं. पण दाराशी किती दिवस संसार करणार? काका सुकायला लागले. हंड्यासमोर उभं राहून ढवळताना मागून काकूंची अखंड बडबड चालू असायची, तिच्या तालावर त्यांचा दांडा फिरायचा. आता नुसता रटरटाट. एका गिऱ्हाइकाची पिवळी करायला आलेली चादर त्यांनी दोनदा हिरवी केली.

शेवटी शेजारच्या शिंप्याने मध्यस्थी केली. काकूंकडे जाऊन आला आणि हंड्याजवळच्या स्टुलावर ऐसपैस बसला.

"वहिनींच्या अटी घेऊन आलोय. त्यांना एक दिवस आयतं जेवण हवंय. चुलीपुढे उभं राहायचं नाही, ढवळायचं नाही, वाढायचं नाही. नुसतं बसायचं आणि खायचं. आणि ते दोन शब्द."

"कुठले दोन शब्द?"

"पक्के, लग्न झालेल्या माणसाने मला हे विचारू नये."

काकांनी हंड्याकडे बघत प्रयत्न केला. "माझं..." म्हणाले आणि अडले. "पण शाल तिनेच तिथे ठेवली होती ना रे?"

"झालं!" शिंपी उठला. "हे वाक्य तेवढं तिथे बोलू नका. रविवारी दुपारी चौकातल्या त्या नव्या हॉटेलात घेऊन जा. एक नंबर हॉटेल आहे."

"जेवलायस तू तिथे?"

"जेवलो नाही. त्यांच्या एप्रनांना नाड्या लावल्यात मी. कापड काय आहे म्हणता! असलं कापड घेणारा माणूस वाईट जेवण देणारच नाही."

अशा भक्कम शिफारशीवर पक्के दांपत्य रविवारी चौकातल्या त्या हॉटेलाच्या काचेच्या दारातून आत शिरलं. काकांनी हात घासून घासून फिकट निळ्यावर आणले होते आणि पांढरा शर्ट घातला होता. काकूंनी ती मरून शाल बरोबर आणली होती. अंगावर घेतली नाही. तिसऱ्या रिकाम्या खुर्चीवर नीट घडी घालून ठेवली, कोर्टात साक्षीदार बसवावा तशी.

वाढपी आला. उंच, किडकिडीत, पिकलेल्या मिशांचा. चेहरा इतका गंभीर की ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन नातेवाइकांना काही सांगायचं असावं. त्याने दोघांसमोर एकेक एप्रन ठेवला. काकांनी नाड्या ओढून पाहिल्या. शिंप्याचं काम चोख होतं. काकूंनी मात्र एप्रनकडे संशयाने पाहिलं.

"यांना विचारा," त्या वाढप्याला म्हणाल्या, "जेवायला आलेल्या माणसाला एप्रन कशाला?"

वाढप्याने काकांकडे पाहिलं. काका समोरच हातभर अंतरावर बसले होते. त्याने खूप वर्षं हॉटेलात काढली असावीत, कारण त्याला लगेच सगळं समजलं.

"साहेब, मॅडम विचारतायत, एप्रन कशाला?"

"मला काय माहीत? तुमचंच हॉटेल ना?"

"मॅडम, साहेबांना माहीत नाही."

"मला वाटलंच," काकू शालीला म्हणाल्या.

मग टेबलाच्या मधोमध एक मोठं पातेलं आलं. पातेल्यात उभी भिंत घालून दोन कप्पे केलेले. एकात पांढरट सूप, दुसऱ्यात लालभडक, वर तेलाचा थर आणि सुक्या मिरच्यांच्या होड्या. वाढप्याने टेबलाखालचं बटण दाबलं आणि दोन्हीकडे बुडबुडे यायला लागले. ते लाल उकळतं पाणी पाहताच काकांच्या जिवात जीव आला. परक्या ठिकाणी अचानक आपलं कुणीतरी भेटावं तसं त्यांना झालं. ते पुढे वाकले, वाफेचा अंदाज घेतला, तळाशी काही बसतंय का ते चमच्याने पाहिलं. तेवढ्यात वाढप्याने एका बशीत हात पुसायचे ओले टॉवेल आणून ठेवले. पांढरे, गुंडाळी केलेले, गरम.

काकांनी एक उचलला, दोन बोटांत चोळला. "अस्सल सुती," ते स्वतःशीच म्हणाले.

यापुढे काकांच्या डोक्याने काही केलं नाही. सगळं हातांनी केलं. पांढरं सुती कापड एका बाजूला आणि लाल उकळतं पाणी दुसऱ्या बाजूला, या दोन गोष्टींचा त्यांच्या हातांना एकच अर्थ ठाऊक होता. टॉवेल झटकला, उलगडला आणि लाल कप्प्यात सोडला. चमच्याच्या दांड्याने खाली दाबला. दोनदा फिरवला. उचलून पांढऱ्या कप्प्यात खंगाळला, पिळला आणि दांड्यावर उंच धरला.

"बघ, काय बसलाय रं..."

तोंड उघडंच राहिलं. टॉवेलमधून लाल थेंब टपटपत होते. खुर्चीवर शाल होती. शालीशेजारी काकू होत्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने घास हातातच धरला होता.

काकू झटकन खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. रागाने की कशाने ते काकांना मागून कळेना. मग खिडकीकडे तोंड ठेवूनच त्या म्हणाल्या, "यांना विचारा, तो टॉवेल कुणाच्या बहिणीने विणला होता."

"साहेब, मॅडम विचारतायत..."

"ऐकलं मी!" काकांनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला. सावलीत घालायला मात्र ते विसरले नाहीत.

वाढप्याने आत जाऊन तबकं आणली. मांसाचे कागदासारखे पातळ काप, माशाचे गोळे, मशरूम, कोबीची पानं, नूडल्स. सगळं कच्चं. काकांनी पाठ ताठ केली. हे त्यांच्या ओळखीचं होतं. गिऱ्हाइकाला आधी नमुना दाखवायचा, पसंत पडला की माल करायला घ्यायचा.

"हे छान आहे," त्यांनी बोट दाखवलं. "हेही चालेल. ही पानं जरा कोवळी बघा. न्या आता आत."

"आत कुठे, साहेब?"

"शिजवायला."

वाढप्याने घसा साफ केला. ऑपरेशनचा निकाल सांगायची वेळ आली होती. "साहेब, याला हॉटपॉट म्हणतात. यात आपलं आपणच शिजवायचं असतं. आवडेल ते उचलायचं, सुपात बुडवायचं, शिजलं की खायचं. फक्त एक लक्षात ठेवा. लाल बाजूत एक प्रकारची मिरी असते, ती जीभ बधिर करते. त्यातलं शिजवलेलं खायचं, सूप प्यायचं नाही."

शेवटचं वाक्य काकांच्या कानात शिरलंच नाही. ते 'आपणच' या शब्दापाशी थिजले होते. त्यांनी हळूहळू मान वळवली.

काकू चुलीकडे बघत होत्या. पेटलेली चूल, त्यांच्या अगदी पुढ्यात. वर पातेलं, शेजारी चिरलेली भाजी, हाताशी झारा. आणि एप्रन.

"यांना सांगा," त्या इतक्या शांत आवाजात म्हणाल्या की काकांना चहा आदळलेला परवडला असता, "घरी निदान उभं राहून स्वयंपाक करता येतो. इथे बसून करायचा. मोठीच सोय केली म्हणावं."

"मॅडम म्हणतायत, सोय चांगली आहे," वाढप्याने जरा सौम्य करून पोचवलं.

"तसं नाही म्हणाली ती!"

"नाही म्हणाले," काकू वाढप्याकडे बघत म्हणाल्या. "आणि हेही सांगा, की मी या झाऱ्याला बोट लावणार नाही." त्यांनी दोन्ही हात काखेत घातले आणि मागे टेकून बसल्या.

आता काय करणार? दुसरा माणूस असता तर शिंप्याला शिव्या देत उठला असता. काकांनीही मनातल्या मनात दिल्या, नाड्यांसकट. मग एप्रन चढवला. आयुष्यात त्यांनी घरी दूधही तापवलं नव्हतं. पण समोर हंडा होता, दांडा होता, उकळी होती. आणि काखेत हात घालून बसलेलं गिऱ्हाईक होतं.

काका कामाला लागले. मांसाचा काप चिमट्यात धरून लाल कप्प्यात बुडवायचे, सगळीकडून सारखा रंग बसतोय ना ते बघायचे, वर काढून पांढऱ्या कप्प्यात खंगाळायचे, निथळायचे आणि काकूंच्या ताटलीत ठेवायचे. नूडल्स तर त्यांनी पातेल्याच्या कडेवर एकेक करून वाळत घातल्या. कोबीची पानं आकाराप्रमाणे लावली. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब आपलं जेवण सोडून इकडेच बघत होतं आणि वाढपी दुसऱ्या टेबलांचं बोलावणं ऐकू येत नसल्यासारखा तिथेच खांबाला टेकून उभा होता.

पण थोड्याच वेळात पांढरा कप्पा गुलाबी व्हायला लागला. काकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी वाढप्याला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात, समोरच्याची अब्रू जाऊ नये अशा बेताने, म्हणाले, "राग मानू नका. पण तुमचा रंग कच्चा आहे."

"साहेब?"

"सुटतोय. हे बघा. तुमच्याकडे व्हिनेगर असेल ना?"

"तिकडे चटण्यांच्या टेबलावर आहे. पण साहेब, ते..."

पण काका उठून गेलेही होते. बाटली घेऊन आले आणि वाढप्याचा हात वाटेतच असताना लाल कप्प्यात सढळ हाताने ओतली. वर मूठभर मीठ टाकलं आणि समाधानाने ढवळलं. "आता आयुष्यभर जाणार नाही."

त्या सुपातून निघालेला माशाचा गोळा काकूंच्या ताटलीत आला. काकूंनी तो तोंडात टाकला. डावा डोळा मिटला. मग उजवा मिटला. मग दोन्ही एकदम उघडले.

"यांना सांगा," त्या पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "दुसऱ्याला वाढण्याआधी स्वतः चाखून बघायचं असतं. मी इतकी वर्षं प्रत्येक पातेलं चाखत आले. यांनी आजवर एक तरी चाखलंय का, विचारा."

एवढं बोलून त्यांनी हात पुन्हा काखेत घातले.

काका झारा धरून उभे राहिले. हंड्यातलं तोंडाला लावायचं नाही. चुलत्याचे ते हिरवे दात त्यांच्या डोळ्यांसमोर आले. पण त्या दातांच्या मागे त्यांना आणखी काहीतरी दिसलं. काकू रोज सकाळी गॅसपाशी उभ्या राहतात, चमच्यातलं जरासं तळहातावर घेऊन जिभेला लावतात, पुन्हा मीठ घालतात, पुन्हा लावतात. आणि आपण ताटावर बसून, मान खाली घालून, आणखी वाढ म्हणतो. मागच्या खोलीत ढवळताना आपल्याला वाटत आलं की घरात हंडा फक्त आपलाच आहे.

झारा बाजूला ठेवून त्यांनी लाल कप्प्यातून चांगली मोठी पळी भरली.

"साहेब, नको!" वाढपी खांब सोडून धावला. "ते प्यायचं नसतं!"

काकांनी डोळे मिटले आणि पळी तोंडात रिकामी केली.

आधी काहीच झालं नाही. मग त्यांच्या कानांचा रंग बदलला. शेजारच्या टेबलावरचं लहान मूल म्हणालं, "आई, काका लाल झाले." खरं तर मरून रंगाचे म्हणायला हवं होतं. नाकातून, डोळ्यांतून, जिथून जिथून शक्य होतं तिथून पाणी यायला लागलं. आणि मग जीभ गेली. दुखली नाही, पोळलीही नाही, नुसती निघून गेली. ओठ कुठे संपतात आणि मिशी कुठे सुरू होते याचा पत्ता लागेना. काका खुर्चीत बसले. पांढऱ्या शर्टावर एप्रन चुकवून उडालेले लाल ठिपके होते. त्यांना वाटलं, आता नाही तर कधीच नाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि सगळा जीव एकवटून म्हणाले, "माफं फुफलं."

काकू दचकल्या. त्यांनी वाढप्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

वाढपी पहिल्यांदाच गोंधळला. "मॅडम, नक्की सांगता येत नाही. बहुधा त्यांना पाणी हवंय."

काकांनी जोरजोरात मान हलवली. "माफं! फुफलं!"

"दूध देऊ का, साहेब? थंड दूध?"

काकांनी टेबलावर मूठ आपटली. मग खुर्चीच्या पाठीवरचा लाल टॉवेल एका हातात घेतला, दुसऱ्या हाताने खुर्चीवरची शाल उचलली, दोन्ही छातीशी धरले आणि पाणावलेल्या डोळ्यांनी तिसऱ्यांदा म्हणाले, "माफं फुफलं गं."

काकूंचे हात काखेतून सुटले.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. मग वाढप्याकडे वळल्या. "तुम्ही जा हो आता. आमचं आम्ही बोलू."

वाढप्याचा गंभीर चेहरा पहिल्यांदा जरा सैल पडला. तो दूध आणायला वळला आणि जाता जाता शेजारच्या टेबलावर हळूच म्हणाला, "बोलल्या."

"अहो, अक्कल आहे का तुम्हाला?" काकूंनी सुरुवात केली. "पळीभर? चाखायचं म्हणजे थेंबभर जिभेला लावायचं. हंडा रिकामा करायचा नाही! आणि रडता कशाला? पुसा डोळे. त्या टॉवेलने नको! द्या इकडे तो. आणि एक लक्षात ठेवा, मी काही ढवळणार नाहीये. म्हटलंय म्हणजे म्हटलंय. ते मशरूम घ्या. लाल बाजूला नाही, पांढऱ्या! खंगाळू नका हो, ते काय पायपुसणं आहे? नुसतं राहू द्या. आता काढा. आता!"

काका काढत गेले, वाढत गेले. काकू बसून खात गेल्या आणि एकही पातेलं न ढवळता पोटभर जेवल्या. काकांना कशाचीच चव लागली नाही. शेवटी काकूंनी पर्समधून दोरा आणि कापडी चिठ्ठी काढली, लाल टॉवेलला गाठ मारली आणि वाढप्याला म्हणाल्या, "हा पांढरा करून पाठवते. आमच्याकडून वस्तू हरवत नाही." मग जरा थांबून त्यांनी आणखी एक चिठ्ठी काढली आणि शालीच्या कोपऱ्याला बांधली. शाल खांद्यावर घेतली आणि उठल्या.

बाहेर वारा सुटला होता. चौक ओलांडेपर्यंत काकूंनी थोरल्या बहिणीला अजून काहीच सांगितलं नसल्याचं सांगितलं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पिवळ्या चादरीचा विषय झाला. पुढे जावयाच्या नव्या नोकरीचा, गळक्या नळाचा, आणि गल्लीतल्या ज्या बाईने शाल पाहून "रंग किती छान!" म्हटलं होतं तिचा. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, ते बांध फुटल्यासारखं वाहत होतं. काका हातातला टॉवेल सांभाळत बाजूने चालत होते. पायांना आपोआप तिच्या बोलण्याचा ताल सापडला होता.

आपल्या दुकानाच्या पायरीशी काकू थबकल्या. "ऐकताय ना? की मी दाराशीच बोलतेय?"

काकांनी मान डोलावली.

"मग हुं तरी म्हणा!"

"फुं," काका म्हणाले.